दुबळ्या संघाची लय : विलंबित की द्रुत?

१९९६ सालच्या मार्च महिन्याची १४ तारीख. इंडियानापोलिस येथील भव्य बंदिस्त मैदानात अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलचा गतविजेता यूसीएलए आणि प्रिन्स्टन विद्यापीठ यांच्यातील पहिल्या फेरीचा सामना ४१-४१ अशा बरोबरीत अडकला होता. जेमतेम चार सेकंद उरले असताना प्रिन्स्टनचा गेब लेव्हुलिस बचावपटूच्या पाठीमागून बास्केटकडे निसटला, सहकाऱ्याने नेमक्या क्षणी चेंडू त्याच्या हाती दिला आणि ४३-४१ अशा फरकाने गतविजेते स्पर्धेबाहेर फेकले गेले. खेळातील गुणवत्तेसाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या विद्यापीठाने हा पराक्रम केला होता. प्रिन्स्टनचे वयोवृद्ध प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी काही दिवसांपूर्वीच निवृत्ती जाहीर केलेली असल्याने या विजयाला दंतकथेचे रूप यायला वेळ लागला नाही.

या दंतकथेतून एक समजूत रूढ झाली. दुबळ्या संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी खेळताना सामना संथ करावा, चेंडू हातात खेळवत ठेवावा, घड्याळ पुढे सरकू द्यावे; मग शेवटच्या दोन मिनिटांत काहीही घडू शकते, अशी ती समजूत. समालोचक दर मार्च महिन्यात ती नेमाने उच्चारतात. मात्र त्यानंतर दोनच दिवसांनी काय झाले, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. दुसऱ्या फेरीत त्याच प्रिन्स्टनला मिसिसिपी स्टेटने ६३-४१ असे लोळवले. संघ तोच, पद्धत तीच आणि गुणही तेच ४१. फरक मात्र २२ गुणांचा. दंतकथा घडवणाऱ्या संथपणाने दोन दिवसांत आपली मर्यादाही दाखवून दिली.

या समजुतीमागील तर्क मात्र पोकळ नाही. बास्केटबॉलमध्ये एका संघाने गुण केले, त्याचा फेक हुकून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला किंवा चुकीमुळे चेंडू गमावला, की दुसऱ्या संघाचा ताबा सुरू होतो. साहजिकच दोन्ही संघांना मिळणाऱ्या ताब्यांची संख्या जवळजवळ सारखी असते. महाविद्यालयीन पुरुषांच्या ४० मिनिटांच्या सामन्यात ती सर्वसाधारणपणे प्रत्येकी ६५ ते ७० च्या घरात असते. या संख्येलाच खेळाची गती म्हणतात. सरस संघ प्रत्येक ताब्यात सरासरीने थोडे अधिक गुण करतो. ताबे जितके जास्त, तितका हा थोडा थोडा फायदा साठत जातो आणि नशिबाचे चढउतार एकमेकांना छेदतात. ताबे कमी असतील तर नशिबाला वाव अधिक राहतो.

क्रिकेटवेड्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात अमेरिकेने डॅलसमध्ये पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले आणि ते षटक मुंबईत घडलेल्या सौरभ नेत्रावळकरने टाकले, तेव्हा आपल्याकडेही कौतुकाचा पूर आला होता. पाच दिवसांच्या सामन्यात असा निकाल लागला असता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण इथे एक महत्त्वाचा भेद आहे. क्रिकेटमध्ये षटके किती हे सामन्यापूर्वीच ठरलेले असते. बास्केटबॉलमध्ये घड्याळ ठरलेले असते. त्या वेळात ताबे किती बसवायचे, हे मैदानावरचे दोन संघ आपसातल्या ओढाताणीतून ठरवतात. म्हणूनच गती हे शस्त्र ठरू शकते.

एके काळी हे शस्त्र फारच धारदार होते. १९६८ साली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने चेंडू नुसता धरून ठेवला आणि ड्यूकला १२-१० असे हरवले. डिसेंबर १९७३ मध्ये टेनेसीने टेंपलवर मिळवलेल्या विजयाची गुणसंख्या होती ११-६. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांच्या मनःस्थितीची कल्पनाच केलेली बरी. चेंडू किती वेळ हातात ठेवावा यावर बंधनच नसल्याने हे शक्य होते. व्यावसायिक एनबीएने अशाच कंटाळवाण्या सामन्यांना विटून १९५४ साली २४ सेकंदांचे घड्याळ आणले. महाविद्यालयीन पुरुषांच्या खेळात ते सर्वत्र यायला १९८५-८६ चा हंगाम उजाडावा लागला. आरंभी मर्यादा ४५ सेकंदांची होती, १९९३-९४ पासून ती ३५ वर आली आणि २०१५-१६ पासून ३० सेकंदांवर. म्हणजे घड्याळ जसजसे आखडत गेले, तसतसे दुबळ्यांच्या हातातले हे शस्त्रही बोथट होत गेले.

घड्याळविरहित युगाचा अखेरचा मोठा सामना म्हणून १ एप्रिल १९८५ च्या अंतिम लढतीकडे पाहिले जाते. लेक्सिंग्टन येथे आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने पॅट्रिक युइंगच्या जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरवले. जॉर्जटाउन गतविजेते होते आणि त्याच हंगामात त्यांनी व्हिलानोव्हाला दोनदा धूळ चारली होती. इतक्या खालच्या मानांकनाचा विजेता त्यानंतर झालेला नाही. हा सामना संथ खेळाचा विजय म्हणून सांगितला जातो. आकडे मात्र अधिक काही सांगतात. जॉर्जटाउनने बास्केटच्या दिशेने ५३ फेक केले आणि त्यातील २९ यशस्वी ठरले. व्हिलानोव्हाने फेक केले फक्त २८, आणि त्यातील २२ आत गेले! जवळपास ७९ टक्क्यांची ही अचूकता अंतिम सामन्यात आजही अचंबित करणारी आहे. शिवाय फ्री थ्रोवर त्यांना आणखी २२ गुण मिळाले. त्या २२ यशस्वी फेकांपैकी एक जरी कडीवरून बाहेर पडला असता, तरी सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला असता. संथपणाने व्हिलानोव्हाला संधी दिली हे खरे. पण संधीचे सोने केले ते नेमबाजीने.

तेव्हा गतीचा वाटा नेमका किती, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी थोडे गणित करावे लागते. समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा इतका सरस आहे की प्रत्येकी ७० ताब्यांच्या सामन्यात तो सरासरीने २० गुणांनी जिंकावा. प्रत्यक्ष निकाल या सरासरीभोवती हेलकावे खातो. त्या हेलकाव्याचे प्रमाण विचलन ११ गुणांचे धरावे. हे गृहीतक वास्तवापासून दूर नाही. अशा स्थितीत दुबळा संघ शंभरपैकी सुमारे साडेतीन सामने जिंकेल. आता त्याने खेळ संथ करून ताबे ७० वरून ६० वर आणले, तर अपेक्षित पराभव १७ गुणांवर येतो, हेलकावाही थोडा आक्रसतो आणि विजयाची शक्यता शंभरात साडेचारच्या किंचित वर जाते. ताबे ५० पर्यंत खाली ओढले तर ती सहाच्या थोडी पुढे सरकते. ३० सेकंदांच्या घड्याळात ५० ताब्यांचा सामना ही जवळपास अशक्य कोटीतली गोष्ट आहे, हे वेगळे. दोन संघांमधील अंतर ७ गुणांचे असेल, तर ताबे १० ने कमी केल्यावर शक्यता २६ टक्क्यांवरून २८ टक्क्यांपर्यंत जाते.

म्हणजे गतीने फरक पडतो, परंतु तो समालोचकांच्या आवाजातील उत्साहाइतका मोठा नाही. आता याच गणिताची दुसरी बाजू पाहावी. ताबे ७० च ठेवले, पण दुबळ्या संघाने अधिक जोखमीचा खेळ करून, म्हणजे तीन गुणांचे फेक वाढवून, बचावात धाडस करून, निकालाचा हेलकावा ११ वरून १३ गुणांपर्यंत नेला, तर त्याची विजयाची शक्यता तितकीच वाढते, जितकी ताबे ७० वरून ५० वर आणल्याने वाढली असती. किंवा जोखीम न वाढवता खेळाचा दर्जाच असा सुधारला की सामन्यात तीन गुणांचा फरक कमी झाला, तरीही परिणाम जवळपास तोच. तीन गुण म्हणजे लांबून केलेला एक यशस्वी फेक. वीस ताबे कापून जे साधते, ते एका थ्री-पॉइंटरने साधते.

याहून बोचरा मुद्दा संथपणाच्या किमतीचा आहे. घड्याळ अखेरच्या पाच सेकंदांवर येईपर्यंत फेक न करण्याचा नियम संघाने स्वतःला घालून घेतला, तर मध्येच चालून आलेली चांगली संधी सोडावी लागते आणि शेवटी घाईचा, हातावर बचावपटू असताना केलेला फेक नशिबी येतो. परतीच्या धावेची भीती म्हणून सगळेच खेळाडू बचावाला मागे पळाले, तर हुकलेल्या फेकाचा चेंडू पुन्हा मिळवायला बास्केटखाली कोणी उरत नाही. वरच्या उदाहरणातील दुबळ्या संघाने ताबे ६० वर आणले, पण या ओढाताणीत त्याचे संपूर्ण सामन्यात केवळ दीड गुणाचे नुकसान झाले, तर संथपणाचा सगळा लाभ धुऊन निघतो. दीड गुण म्हणजे एक साधे बास्केटसुद्धा नव्हे. जो संघ मुळात संथ आहे, ज्याने वर्षभर तोच रियाज केला आहे, त्याला ही किंमत मोजावी लागत नाही. कॅरिल यांच्या संघाची गोष्ट तीच होती. प्रिन्स्टनचे खेळाडू वेळ काढत नसत. बचावपटू एक पाऊल चुकेपर्यंत ते वाट पाहत असत. लेव्हुलिसचा तो विजयी फेक याच प्रतीक्षेचे फळ होते. वर्षभर धावत खेळणाऱ्या संघाने मार्चमधल्या एका सामन्यापुरते प्रिन्स्टनचे सोंग आणायचे ठरवले, तर त्याची फजिती होण्याचीच शक्यता अधिक. द्रुत लयीत रमलेल्या गायकाने मैफलीच्या दिवशी अचानक विलंबित ख्याल धरावा, तसा तो प्रकार.

बास्केटबॉलच्या संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात दुबळ्यांसाठी जोखमीच्या डावपेचांचा विचार मांडला होता. पुढे २०११ साली ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने या विचाराला रीतसर गणिती रूप दिले. सरासरी थोडी खालावली तरी चालेल, पण चढउतार वाढवणारा डाव दुबळ्याला लाभदायक ठरू शकतो, हे त्यातील सूत्र. वेळकाढूपणा हा अशा अनेक डावांपैकी केवळ एक. तो अधिक प्रसिद्ध झाला, कारण तो डोळ्यांना दिसतो.

आणि तो एकट्याच्या हातात नसतो. टाळी एका हाताने वाजत नाही, तशी गतीही एका संघाच्या इच्छेने ठरत नाही. आपल्या ताब्यात चेंडू असताना २५ सेकंद खर्च करणे शक्य आहे. परंतु प्रतिस्पर्ध्याने आठ सेकंदांत फेक करायचे ठरवले तर त्याला रोखणार कसे? त्याहून महत्त्वाचे म्हणजे संथ खेळ हा आघाडीवर असलेल्या किंवा बरोबरीत असलेल्या संघाचा विलास आहे. दहा गुणांनी मागे पडलेल्या संघाला घड्याळ हे मित्र राहत नाही. दुबळ्या संघाच्या वाट्याला पिछाडी येण्याचा संभव अधिक, हे सांगायला गणिताची गरज नाही.

दुसऱ्या टोकाची उदाहरणेही कमी नाहीत. १९९० साली लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट या छोट्या कॅथलिक विद्यापीठाच्या संघाने सामन्यागणिक सरासरी १२२ गुण केले होते. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांचा आग्रह होता की चेंडू मिळताच काही सेकंदांत फेक झालाच पाहिजे. ४ मार्च रोजी त्यांचा आधारस्तंभ हँक गॅदर्स मैदानावर कोसळला आणि त्याचे निधन झाले. त्या दुःखात राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेल्या या अकराव्या मानांकित संघाने गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असे हरवले. उजव्या हाताने खेळणारा बो किंबल मित्राच्या स्मृतीसाठी सामन्यातील पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने घेत असे. ते दृश्य अमेरिकी क्रीडारसिक आजही विसरलेले नाहीत. मिशिगनला पळण्याचा मोह आवरला नाही. पुढच्या फेरीत अलाबामाने मात्र शहाणपण दाखवले. वर मानांकन असूनही त्यांनी सामना गोठवला आणि १२२ च्या सरासरीचा संघ ६२ गुणांवर रोखला गेला. तरीही लॉयोलाने तो सामना ६२-६० असा जिंकलाच. त्यानंतर गाठ पडली ती यूएनएलव्हीशी. या संघालाही धावणे आवडत असे आणि त्याचे खेळाडू सरस होते. निकाल १३१-१०१. वेगाने मिशिगनला चकवले, आणि वेगानेच यूएनएलव्हीपुढे ३० गुणांचा पराभव पदरात टाकला. तीन सामने, तीन वेगळ्या गती. त्यातून एकच नियम काढणे अवघड आहे.

वेगाच्या बाजूने सर्वाधिक गाजलेला युक्तिवाद मात्र एका मुंबईकराच्या निमित्ताने झाला. मुंबईत वाढलेले आणि कॅलिफोर्नियात संगणक उद्योगात नाव कमावलेले विवेक रणदिवे आपल्या मुलीच्या शाळकरी बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. क्रिकेट आणि फुटबॉल पाहत लहानाचे मोठे झालेल्या रणदिव्यांना एक गोष्ट कळेना : गुण झाल्यावर संघ मुकाट्याने आपल्या अर्ध्या भागात परत का जातो? कौशल्यात कमी असलेल्या आपल्या मुलींना त्यांनी पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला अडवायला शिकवले आणि हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये ही कथा सांगून दुबळ्यांनी ‘फुल कोर्ट प्रेस’ खेळावा असा सिद्धांत मांडला, तेव्हा बास्केटबॉलच्या जाणकारांत मोठा वाद झाला. आक्षेप वाजवी होता. बारा वर्षांच्या मुलींना मैदानभर चेंडू नेणे जड जाते. विद्यापीठातील सराईत खेळाडूंना जात नाही. शिवाय प्रेससाठी दमदार राखीव खेळाडूंची फौज लागते आणि ती श्रीमंत संघांकडेच असते. १९९६ मध्ये प्रेसच्या बळावर राष्ट्रीय विजेता ठरलेला केंटकीचा संघ दुबळा मुळीच नव्हता. त्यातील अनेक खेळाडू पुढे एनबीएत गेले. रणदिवे २०१३ मध्ये एनबीएच्या सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक झाले. गंमत अशी की याच संघाकडे निवृत्तीनंतर पीट कॅरिल यांनी अनेक वर्षे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले होते.

आतापर्यंतचा विचार दुबळ्या संघाच्या बाजूने झाला. पण सामना संथ करणारा बलाढ्य संघच असेल तर? या प्रश्नाचे उत्तर १६ मार्च २०१८ रोजी शार्लट येथे मिळाल्यासारखे वाटले. तोवर पुरुषांच्या स्पर्धेत अव्वल मानांकितांनी सोळाव्या मानांकितांविरुद्धचे सर्वच्या सर्व १३५ सामने जिंकले होते. टोनी बेनेट यांचा व्हर्जिनिया संघ त्या वर्षी संपूर्ण स्पर्धेत पहिल्या क्रमांकाचा होता आणि देशातील सर्वांत संथ संघांत त्याची गणना होत असे. समोर होते मेरीलँड राज्यातील यूएमबीसी हे फारसे परिचित नसलेले विद्यापीठ. मध्यंतराला गुणफलक दाखवत होता २१-२१. व्हर्जिनियाने आपल्या आवडीची गती राखली होती आणि तीच त्यांच्या अंगाशी आली. वीस मिनिटांत आघाडी साठायला पुरेसे ताबेच झाले नव्हते. उत्तरार्धात यूएमबीसीने ५३ गुण झोडपले आणि सामना ७४-५४ असा एकतर्फी जिंकला. लांबच्या अंतरावरून यूएमबीसीचे २४ पैकी १२ फेक यशस्वी झाले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४.

बेनेट यांच्या संथ खेळावर त्यानंतर टीकेची झोड उठली. बलाढ्य संघाने ताबे कमी करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे, असा तिचा सूर होता. २०२१ मध्ये ओहायो आणि २०२३ मध्ये फर्मन या तेराव्या मानांकित संघांनी व्हर्जिनियाला पहिल्याच फेरीत घरी पाठवल्यावर टीकाकारांना आणखी बळ मिळाले. पण मधल्या २०१९ या वर्षाचे काय करायचे? त्या वर्षी याच बेनेट यांचा संघ पहिल्या फेरीत गार्डनर-वेबविरुद्ध १४ गुणांनी मागे पडला होता. तिथून सावरून त्याने याच संथ पद्धतीने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. वर केलेल्या गणिताचा आधार घेतला तर संथपणामुळे व्हर्जिनियासारख्या संघाचे शंभर सामन्यांत एखादा पराभव वाढण्याइतके नुकसान होते. मात्र नामांकित खेळाडू आपल्याकडे वळत नसताना व्हर्जिनियाला अव्वल मानांकनापर्यंत नेले ते याच चिवट, प्रतिस्पर्ध्याचा दम काढणाऱ्या बचावाने. ती पद्धत सोडली असती तर मानांकनच हाती लागले नसते. टीकाकारांच्या हिशेबात ही जमेची बाजू धरलेली नव्हती. यूएमबीसीविरुद्धच्या सामन्यापूर्वी मनगटाचे हाड मोडल्याने डीआंद्रे हंटर हा व्हर्जिनियाचा गुणी खेळाडू बाहेर बसला होता, हेही विसरले जाते. महिलांच्या स्पर्धेत १९९८ साली सोळाव्या मानांकित हार्वर्डने स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असे हरवले, तेव्हाही स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जायबंदी होत्या. अशक्यप्राय निकालांची कारणे शोधताना डावपेचांकडे आधी लक्ष जाते आणि दुखापतींकडे नंतर.

पुरुषांत असा दुसरा चमत्कार घडला तो १७ मार्च २०२३ रोजी. पर्ड्यूच्या झॅक ईडीची उंची सात फूट चार इंच. तर प्रतिस्पर्धी फेअरली डिकिन्सनचा संघ सरासरी उंचीत देशात सर्वांत ठेंगणा. प्रशिक्षक टोबिन अँडरसन यांनी संथ खेळाचा सल्ला धुडकावला. त्यांच्या बुटक्या पण चपळ खेळाडूंनी मैदानभर पाठलाग करून पर्ड्यूला १६ वेळा चेंडू गमावायला लावला. ईडीभोवती दोघातिघांचे कडे करून त्यांनी इतरांना लांबून फेक करायला मोकळे सोडले. हा जुगारच होता. पर्ड्यूचे तीन गुणांचे २६ पैकी केवळ ५ फेक आत गेले आणि डिकिन्सन ६३-५८ असे जिंकले. त्यांतील आणखी दोन फेक आत गेले असते तर अँडरसन यांचा डाव कदाचित वेडेपणाचा म्हणून हिणवला गेला असता. पण दुबळ्याने कोणत्या गोष्टीवर पैज लावावी, याचा हा उत्तम नमुना आहे. उंचीच्या लढाईत हार निश्चित होती. परक्यांच्या नेमबाजीवर पैज लावली तर निदान हेलकावा मोठा होता.

या साऱ्या चर्चेला अलीकडे वेगळी धार आली आहे. राष्ट्रीय स्पर्धेतील प्रत्येक सामन्यागणिक संघाच्या कॉन्फरन्सला सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर मिळतात. छोट्या विद्यापीठांच्या दृष्टीने एक अनपेक्षित विजय म्हणजे केवळ मानाची बाब नसते. दुसरीकडे २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या प्रसिद्धीतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, विद्यापीठ बदलणे सोपे झाले आणि २०२५-२६ पासून तर मोठी विद्यापीठे वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम आपल्या खेळाडूंना थेट वाटू शकतात. छोट्या ठिकाणी चमकलेला खेळाडू पुढच्या हंगामात मोठ्या ठिकाणी दिसतो. २०२५ च्या स्पर्धेत अखेरच्या सोळांत पोहोचलेले सर्व संघ चारच श्रीमंत कॉन्फरन्सचे होते आणि अखेरच्या चारांत चारही अव्वल मानांकित. दोन संघांमधील अंतर २० गुणांचे असेल तर गतीची युक्ती शंभरात एखादा विजय वाढवते; अंतर ३० चे झाले तर तेवढाही आधार उरत नाही.

त्याच २०२५ मध्ये ड्रेक विद्यापीठाची कहाणी घडली. प्रशिक्षक बेन मॅककॉलम दुसऱ्या श्रेणीतल्या नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटमधून आले आणि येताना तिथले चार खेळाडू घेऊन आले. देशातील सर्वांत संथ संघांपैकी एक अशी ड्रेकची ओळख झाली. पण हा संथपणा दुबळेपणातून आलेला नव्हता. वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या खेळाडूंचा तो मुरलेला खेळ होता. अकराव्या मानांकित ड्रेकने मिझुरीला ६७-५७ असे हरवले. पुढच्या सामन्यात टेक्सास टेकच्या उंच, ताकदवान खेळाडूंपुढे ६४-७७ अशी हार झाली. १९९६ च्या प्रिन्स्टनचीच जणू पुनरावृत्ती. काही दिवसांतच मॅककॉलम यांना आयोवाने नेले.

हा शिरस्ताच झाला आहे. २०१३ मध्ये पंधराव्या मानांकनावरून धावत सुटलेल्या आणि जॉर्जटाउनला गारद करणाऱ्या फ्लोरिडा गल्फ कोस्टचे अँडी एनफील्ड त्याच वर्षी यूएससीला गेले. जर्सी सिटी हे नाव मराठी घरांत नातेवाइकांच्या पत्त्यांमुळे ओळखीचे आहे, तिथल्या सेंट पीटर्स या लहानशा विद्यापीठाने २०२२ मध्ये केंटकीला हरवून पंधरावे मानांकन असताना अखेरच्या आठांत धडक मारली, आणि शाहीन होलोवे लगेच सीटन हॉलचे प्रशिक्षक झाले, खेळाडूही पांगले. पर्ड्यूला हरवल्यावर काही दिवसांतच अँडरसन आयोनाला रवाना झाले. संथ असो वा वेगवान, दुबळ्या संघाला आपली लय सापडते न सापडते तोच ती शिकवणारा आणि वाजवणारे दोघेही दुसरीकडे जातात.

यूएमबीसीचे तेव्हाचे प्रशिक्षक रायन ओडम यांचा प्रवास याहून विलक्षण. शार्लटमधील त्या रात्रीनंतर ते तीन वर्षे तिथेच राहिले, मग युटा स्टेट आणि व्हीसीयू असे मुक्काम झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये टोनी बेनेट यांनी अचानक निवृत्ती पत्करली आणि मार्च २०२५ मध्ये त्यांच्या जागी कायमस्वरूपी प्रशिक्षक म्हणून व्हर्जिनियाने ज्यांची निवड केली, ते ओडमच होते.